खुब्याचं हाड मोडलंय: सळई की बदली सांधा? तातडीने सांगा

घाईतला_मुलगा: आई काल रात्री पडली, खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन म्हणतायत. एक जण सळई घाला म्हणतो, दुसरा म्हणतो सांधाच बदला, धाकटा भाऊ म्हणतो या वयात भूल झेपणारच नाही. सकाळी सही करायचीय. पटकन सांगा.

हाडवैरी: वय काय? आधी चालत होत्या? आणि मोडलंय नेमकं कुठे?

घाईतला_मुलगा: ८१. स्वतःचं सगळं स्वतः करते. रिपोर्टवर 'नेक ऑफ फीमर, डिस्प्लेस्ड' लिहिलंय. सळई म्हणणारे माझे मेव्हणे, त्यांच्या वडिलांना घातली होती.

उगाच_एक: ऑपरेशन कशाला? आमच्या आजोबांना पायाला वजन लावून झोपवलं होतं. हाड आपोआप जुळतं.

हाडवैरी: रिपोर्टचा अर्थ, मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातल्या गोल टोकाच्या (गोळ्याच्या) लगेच खालचा भाग, मोडून सरकलाय. मेव्हण्यांच्या वडिलांचं बहुधा या मानेच्या खाली मोडलं असणार. तिथे रक्तपुरवठा चांगला, म्हणून सळई किंवा स्क्रू-प्लेटवर हाड जुळतं. मान मोडून सरकली की गोळ्याचं रक्तच तुटतं, नुसत्या स्क्रूवर पुढे तो झिजून पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. म्हणून या वयात बहुतेक वेळा गोळा बदलतात. त्यालाच अर्धा सांधा म्हणतात. हिंडतं-फिरतं माणूस असेल तर पूर्ण सांध्याचाही विचार होतो. तुमच्या डॉक्टरांना तेच विचारा. सळईचा विषय सोडा.

शांता_९: @उगाच_एक, आजोबांचं पुढे काय झालं?

उगाच_एक: पाठीला जखमा झाल्या, मग न्यूमोनिया. पण ते वयामुळे.

शांता_९: वयामुळे नाही हो, पडून राहिल्यामुळे! त्यासाठीच तर शक्यतो दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ऑपरेशन उरकतात आणि लगेच वॉकर धरून उभं करतात. भावालाही सांगा, झोपवून ठेवण्यातही धोका आहेच, तो कागदावर दिसत नाही इतकंच.

हाडवैरी: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?

घाईतला_मुलगा: हृदयाची एक आहे. तिचा खुब्याशी काय संबंध?

हाडवैरी: नाव!!

घाईतला_मुलगा: क्लोपिडोग्रेल.

हाडवैरी: ही रक्त पातळ करणारीच. भूलतज्ज्ञांना आत्ता कळवा. एवढ्यासाठी सहसा ऑपरेशन पुढे ढकलत नाहीत, पण पाठीत सुई देऊन भूल द्यायची की पूर्ण, हे त्यावर ठरतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. दुखणं फार असेल तर मांडीची नस बधिर करणारं इंजेक्शन मिळतं, तेही विचारा.

शांता_९: नंतर ठिसूळ हाडांचे उपचार मागून घ्या. खुबा बसवून घरी पाठवतात, हे मात्र राहून जातं. आणि रात्री आई असंबद्ध बोलायला लागली तर घाबरू नका, पण नर्सला लगेच सांगा. चष्मा, श्रवणयंत्र जवळ ठेवा.

घाईतला_मुलगा: भूलतज्ज्ञांना कळवलंय, ते येतायत. भाऊ अजून अडून बसलाय, त्याला हा धागा दाखवतो.

नवा_सदस्य: गुडघ्यासाठी मी इंजेक्शन घेतलं होतं, मस्त फरक पडला. पत्ता हवा का?

घाईतला_मुलगा: खुबा आहे हो, गुडघा नाही.