दीर्घ आजारात मंडळीची (चर्चमधील लोकांची) सोबत : आपले अनुभव लिहावेत

शेवंती
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. गेल्या रविवारी आमच्या नगरच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करताना पाळकसाहेबांनी एका तरुण बहिणीचे नाव घेतले आणि तिला स्तनांचा कर्करोग झाल्याचे सांगितले. माझ्या आईचे नाव याच प्रार्थनेत कितीतरी महिने घेतले जात होते, ते सारे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले.

आईला अंडाशयाचा कर्करोग होता. दर तीन आठवड्यांनी आम्ही केमोथेरपीसाठी पुण्याला जात असू आणि प्रत्येक वेळी महिला मंडळातील एक बहीण सोबत येई. केमोनंतरच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरत आणि डॉक्टरांनी भेटी बंद ठेवायला सांगितलेले असे, तेव्हा मंडळी अंगणात उभी राहून गीते म्हणत आणि डबा ओट्यावर ठेवून जात. उपचार संपल्यावर आईने भर उपासनेत साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला बरे केले असे सर्वांपुढे सांगितले, आणि सर्वांनी देवाचे उपकार मानले.

पुढच्याच वर्षी आजार उलटला. खरी कसोटी तेव्हा लागली, असे मला आजही वाटते, कारण साक्ष देऊन झालेल्या माणसाशी आता काय बोलावे हेच अनेकांना उमगेना आणि काही जण तर येईनासे झाले. मात्र चार-पाच बहिणी शेवटपर्यंत येत राहिल्या. त्या बरे होण्याविषयी काही बोलत नसत. केस विंचरून देत, पाय चोळत, स्तोत्र वाचत आणि पुन्हा कधी येणार ते सांगून जात. आई गेली तेव्हाही त्याच घरात होत्या. आजार लांबला किंवा उलटला तेव्हा आपल्या मंडळीने काय केले, ते कृपया लिहावे.

वसईची लेक
शेवंतीताई, तुमच्या आईची साक्ष खोटी ठरली असे कृपया कधीही मानू नका. आमच्या भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा तो नुकताच शाळेत जाऊ लागला होता. लहान मुलांमधील या प्रकारच्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, हे ऐकूनच आम्ही खचलो होतो. प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे एकदाच मोठे रक्तदान शिबिर घेऊन भागत नाही आणि देणारी माणसे सतत तयार ठेवावी लागतात. आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या परिसरातील) तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) वहीत नावे लिहून घ्यायला सुरुवात केली. पहाटेची लोकल पकडून दादरला उतरायचे, परळच्या रुग्णालयात दीड-दोन तास हाताला यंत्र जोडून पडायचे आणि तिथूनच कामावर जायचे, असा क्रम त्यांनी उपचार संपेपर्यंत चालवला. त्यातील काही मुलांना मी त्याआधी चर्चमध्ये क्वचितच पाहिले होते. माझी आई रोज संध्याकाळी जपमाळेत बाळाबरोबर त्या मुलांचीही नावे घेत असे. भाचा आता महाविद्यालयात आहे.

अबोली
वाचून डोळे भरून आले. ताई, तुमचे सांत्वन प्रभू करो. थोडा वेगळा प्रश्न विचारते, कारण माझ्या दिरांना पुढील आठवड्यात टाटा रुग्णालयात दाखवायचे आहे आणि मुंबईत आमचे कोणीही नाही. राहण्याची सोय कुठे होऊ शकेल?

गोदाकाठ
अबोलीताई, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तिथे टाटातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन चौकशी करा. राहण्याची आणि आर्थिक मदतीची माहिती तिथेच मिळते. माझे वडील आणि मी त्या धर्मशाळेत राहिलो आहोत. आमच्या शेजारी एक वारकरी काका होते. पहाटे ते हरिपाठ म्हणत आणि त्यांचे झाले की वडील बायबल वाचत. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी माझ्याजवळ बाकावर दिवसभर तेच बसले होते. मंडळी गावाकडे प्रार्थना करीत होती आणि सोबतीला देवाने काकांना पाठवले होते, असे मी मानतो.

मिरजेची नात
माझ्या आजीला स्वातंत्र्याच्या आगेमागे क्षयरोग झाला होता. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढे त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. आजी तिथे होती. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा सामान्य माणसाच्या हाती आलेले नव्हते आणि आयसोनियाझिड हे दुसरे औषध तर 1952 मध्ये वापरात आले, त्यामुळे मोकळी हवा, सकस आहार, सक्तीची विश्रांती आणि फुफ्फुसाभोवती हवा भरून त्याला आराम देणे, हेच मुख्य उपचार होते.

आजी बरी होऊन गावी आली, तरी लोकांच्या मनातील भीती गेली नव्हती. त्या काळी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच प्याला फिरत असे. कोणाला अवघड वाटू नये म्हणून आजी आपण होऊन रांगेत सर्वांच्या शेवटी उभी राहू लागली. दुसऱ्या वेळी पाळकबाई उठल्या आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या कायम तिच्याच मागे उभ्या राहत. आज वैद्यकीय दृष्टीने कोणी याचा आग्रह धरणार नाही, परंतु आजी ही गोष्ट सांगताना दरवेळी थांबून पाळकबाईंसाठी प्रार्थना करीत असे.

निवडुंग
मला एक कटू गोष्ट लिहायची आहे. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने माझ्या धाकट्या भावाला सांगितले की, खरा विश्वास असेल तर इन्सुलिनची गरज उरणार नाही. भावाने ते बंद केले आणि काही दिवसांतच तो बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात गेला. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “माझा विश्वास कमी पडला का?” आमचे पाळक त्याच्या उशाशी बसले आणि म्हणाले की, पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले, तेव्हा त्रफिमाचा किंवा पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणेल का? बायबलमधील याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधील ज्येष्ठ सेवकांना, बोलावून तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे. आमच्या मंडळीच्या वडिलांनी तेही केले, आणि त्याच खोलीत परिचारिकेने इन्सुलिनही दिले. आजाऱ्याच्या विश्वासाचे मोजमाप करणाऱ्या माणसाला घरात पाऊल ठेवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जास्वंद
निवडुंगदादा, पूर्णपणे सहमत आहे. मी परिचारिका आहे. कॅथलिक कुटुंबे रुग्णाभ्यंगासाठी (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी) फादरांना बोलावायला घाबरतात, कारण ते आले म्हणजे शेवट जवळ आला असे रुग्णाला वाटेल, असा त्यांचा समज असतो. वास्तविक गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधी हा संस्कार घेता येतो आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला स्वतः प्रार्थना म्हणता येत असताना बोलवा.

सायली
पोळ्या करता करता लिहीत आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. माझ्या यजमानांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होते आणि प्रत्येक वेळी चार तास लागतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे पुष्कळ आहेत, परंतु मी झोपले का, असे केवळ एका काकूंनी विचारले. आता दर गुरुवारी त्या यजमानांबरोबर केंद्रात बसतात आणि मी घरी झोपते. त्या चार तासांच्या बळावर माझा आठवडा निभावतो. ज्यांना काय मदत करावी हे सुचत नसेल, त्यांनी सेवा करणाऱ्या माणसाला आधी झोपू द्यावे.

वसईची लेक
सायलीताई, काकूंचा आणि तुमचा प्रभू सांभाळ करो. शेवंतीताई, एक विचारायचे राहिले. त्या मुलीच्या आजाराचे नाव भर उपासनेत घेतले गेले, त्याला तिची संमती होती का? आमच्याकडे यावरून एक बहीण दुखावली होती आणि तेव्हापासून नुसते नाव घेतात.

शेवंती
योग्य प्रश्न विचारलात. पाळकसाहेब केवळ नाव घेणार होते. आजाराचे नाव घ्या, असा आग्रह तिनेच धरला. छातीत गाठ जाणवूनही तिने लाजेपोटी कोणाला सांगितले नव्हते, आणि दुसऱ्या कोणी तसे करू नये अशी तिची इच्छा होती. उपासना संपल्यावर दोन बहिणी पाळकबाईंशी एकांतात बोलल्या आणि काल त्यांची तपासणी झाली. अहवाल यायचे आहेत. त्या मुलीची पहिली केमो सोमवारी पुण्यात आहे. सोबतीच्या पाळ्या लावण्याचे काम मी अंगावर घेतले आहे आणि पाळ्या अर्ध्या वर्षाच्या लावत आहे. पुण्यात ससूनच्या आसपास राहणारे कोणी असल्यास कृपया मला निरोप पाठवा.