रुटोंवरचा राग निकालाचा की कराचा?

नैरोबीकर: केनियात ऑगस्ट २०२२ मध्ये विल्यम रुटो ५०.४९ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, प्रतिस्पर्धी राइला ओडिंगांना ४८.८५. निवडणूक आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनीच निकालातून अंग काढून घेतलं, तरी सुप्रीम कोर्टाने तो एकमताने कायम ठेवला. माझं म्हणणं, सामान्य माणूस हे सगळं केव्हाच विसरला होता. तो बिथरला २०२३ मध्ये, पेट्रोलवरचा व्हॅट ८ चा १६ टक्के झाला तेव्हा. ढकलगाडी निशाणी घेऊन गरिबांचा कैवारी म्हणून आलेल्या माणसाचं नाव पडलं 'झकायो'. म्हणजे बायबलातला जकातदार जक्कय!

तिरकस_पुणेकर: 'सामान्य माणूस' तुम्हाला नैरोबीत भेटला. ओडिंगांच्या बालेकिल्ल्यात, किसुमूत विचारलंत का? मार्च २०२३ पासून ओडिंगांचे मोर्चे निघाले, त्यांत महागाईच्या जोडीला निकालाचे आकडे असलेला आयोगाचा सर्व्हर उघडा करा ही मागणी होतीच. गोळीबारात माणसं मेली. हे विसरणं म्हणायचं?

नैरोबीकर: मान्य, पण ते एका पक्षाचे मोर्चे. जून २०२४ ला नव्या करांच्या वित्त विधेयकाविरुद्ध रस्त्यावर आलेल्या पोरांनी 'आम्हाला ना नेता, ना जमात, ना पक्ष' असं सांगितलं. २५ तारखेला ती संसदेत घुसली, दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. सर्व्हरने जे झालं नाही ते करांनी केलं.

मधुरा_क: तुम्ही दोघं पुढची गंमत सोडताय. त्यानंतर ओडिंगांच्याच पक्षाचे जॉन म्बादी रुटोंचे अर्थमंत्री झाले. म्हणजे निकाल खोटा म्हणणारे तिजोरीवर! उलट माउंट केनियाच्या भागाने २०२२ ला रुटोंना भरभरून मतं दिली होती. तिथले उपाध्यक्ष गचाग्वा ऑक्टोबर २०२४ मध्ये महाभियोगाने गेले आणि तो भाग फिरला. मला तरी इथे ना कर दिसतो, ना निकाल. आपला माणूस आत आहे की बाहेर, एवढंच.

तिरकस_पुणेकर: नेता आत गेला म्हणून मतदार गेला असं धरू नका. २०२४ च्या मोर्चांत किसुमूची पोरंही होती. आणि ओडिंगा ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात उपचारांसाठी आले असताना वारले. त्यांच्या शब्दावर गप्प बसलेले आता कोणाच्या शब्दावर बसणार?

नैरोबीकर: ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शेजारच्या लुओ, म्हणजे ओडिंगांच्याच जमातीच्या, आजोबांकडेही नव्हतं, काल विचारलं तर पिठाचा भाव सांगत बसले.