अंग दुखणं ही ट्रेनरची परीक्षा नव्हे

"जिमच्या पहिल्या दिवसानंतर जिना उतरता आला नाही, तरच ट्रेनरने नीट काम करून घेतलं समजायचं" असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. नवख्या माणसाचं अंग थोडंफार दुखणारच. साधारण 24 ते 72 तासांत ते सर्वांत जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. पण त्यावरून व्यायामाचा दर्जा कळत नाही. उलट सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार टाकला तर क्वचित रॅब्डोमायोलिसिस होतो. म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुखणं असह्य झालं, स्नायू सुजले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद दिसली, तर ट्रेनरला मेसेज करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. हे इथे कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

ट्रेनर पारखायचाच असेल तर पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते बघा. माझ्या बहिणीच्या ट्रेनरने डंबेलला हात लावू देण्याआधी छातीत दुखतं का, चक्कर येते का, जुनी दुखापत, चालू औषधं, सगळं विचारलं. ती बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेते हे कळल्यावर त्याने घड्याळातल्या हार्ट रेटवर विसंबणं सोडलं, कारण त्या गोळीमुळे ठोके फारसे वाढत नाहीत. आता बोलताना तिला धाप किती लागते, त्यावर तो व्यायामाचा जोर ठरवतो.