साठ वर्षे नेमकी कशाची?
60 वर्षांनी गाणे कॉपीराइटमधून आपोआप मोकळे होते, असे म्हटले जाते; पण या विधानात दोन निराळे हक्क एकत्र झाले आहेत. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो; म्हणजे 1964 साली निघालेली तबकडी 1 जानेवारी 2025 रोजी खुली झाली, परंतु तिच्यातील शब्द आणि चाल यांवरील हक्क कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे राहतात.

व्यवहारातील अडचण मात्र वेगळीच आहे. येथे ग्वाल्हेरला, लष्कर भागातील एका गणेशोत्सवात स्थानिक गायकाने गायिलेल्या पारंपरिक बंदिशीचे चित्रीकरण आम्ही यूट्यूबवर ठेवले, तर एका कंपनीचा त्यावर दावा आला. वास्तविक बंदिश कोणाच्याच मालकीची नव्हती आणि आवाज तर आमच्याच माणसाचा होता. असा दावा ही कायदेशीर नोटीस नसून यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ या स्वयंचलित यंत्रणेने जुळवलेले साम्य असते, त्यामुळे तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा, ही 2013 च्या कॉपीराइट नियमांतील तरतूद तेथे उपयोगी पडत नाही. हरकत नोंदवल्यावर दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात (गणपती दहाच दिवसांत उठतात!). म्हणून हरकतीत केवळ ‘गाणे जुने आहे’ असे न लिहिता, बंदिश पारंपरिक असून गायन व चित्रीकरण आपले स्वतःचे आहे, हे स्पष्टपणे नमूद करावे.