‘इट्स मी’ला मार्क का कापायचा?

अमळनेरचा क्लासवाला
भाचीनं आठवीच्या पेपरात "हू इज इट?"ला "इट्स मी" लिहिलं. अर्धा मार्क गेला, शेजारी लाल शाईत "इट इज आय". जुन्या व्याकरणात तसं आहे, मान्य. पण दार वाजवून "इट इज आय" म्हणणारा गोरा दाखवा एखादा! आणि तीच पोरं "ही गेव्ह द बुक टू रवी अँड आय" लिहितात, तिकडे कुणी बघत नाही. लहानपणी "मी अँड रवी"वरून इतकी बोलणी खाल्लेली असतात की भीतीनं जिथं तिथं "आय" ठोकतात. माझं म्हणणं, पहिला हट्ट सोडा, तास दुसऱ्यावर घाला. रवीला वाक्यातून उचला. "टू आय"? लगेच खटकतं.

धुळेकर सर
खटकायला कान तयार लागतो, भाऊ. ज्याच्या घरी इंग्रजी कधी वाजलंच नाही, त्याला दोन्ही सारखंच. त्याला नियमच द्या: प्रेपोझिशननंतर मी, हिम, हर, अस, देम. आणि तुमची युक्ती "बिटवीन"ला लावून दाखवा. "यू" काढलं की "बिटवीन मी" उरतं, तेही चूक.

अमळनेरचा क्लासवाला
तिथं दोघांच्या जागी एक शब्द ठेवायचा, सर. "बिटवीन वी" की "बिटवीन अस"? "अस". मग "यू अँड मी"च.

जळगावची ताई
एवढा खटाटोप कशाला? मराठीत "मला" आलं की इंग्रजीत "मी". मी पाचवीला असंच शिकवते.

भुसावळवाला
ताई, फसाल. "माले भूक लागनी" म्हणणारं पोरगं मग "मी हंग्री" लिहितं. आवडतं, माहीत आहे, पाहिजे, सगळीकडे आपलं "मला" आणि त्यांचं "आय". त्यात आपला "मी" म्हणजे त्यांचा "आय", हा घोळ आधीच डोक्यात बसलेला.

जळगावची ताई
देणं, सांगणं, बोलावणं यांना तर चालतं ना? पाचवीला तेवढं पुरे. भूक-तहान सहावीला बघू.

धुळेकर सर
सहावीला सुटत नाही ताई, दहावीपर्यंत चिकटून राहतं. निस्तरायला आम्हीच असतो.

भुसावळवाला
बाकी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात चक्क "बिटवीन यू अँड आय" आहे.

धुळेकर सर
शेक्सपिअरला एमपीएससी द्यायची नव्हती. पर्याय चार, बरोबर एकच. "गोरे असंच बोलतात" अशी हरकत घेऊन बघा. म्हणून मी "इट इज आय"सुद्धा सोडत नाही.

अमळनेरचा क्लासवाला
एमपीएससीवाल्यांना शिकवा की. आठवीच्या पोरीचा मार्क कशाला कापता?

शिरपूरची विद्यार्थिनी
सर, "शी लाइक्स रवी मोअर दॅन आय" का "दॅन मी"?

धुळेकर सर
दोन्ही बरोबर, पण अर्थ वेगळे. "दॅन आय" म्हणजे रवी मला जेवढा आवडतो त्याहून तिला जास्त. "दॅन मी" म्हणजे तिला माझ्याहून रवी जास्त आवडतो. बोलताना मात्र "मी" दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून घोळ नको असेल तर "दॅन आय डू" किंवा "दॅन शी लाइक्स मी" असं पूर्ण लिही.