जुनी युट (पिकअप गाडी): मागे कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) की कमानपाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग)?

प्रश्न: ऑस्ट्रेलियात पर्थला राहतो. जुनी डबल कॅब (सीटच्या दोन रांगांची युट) घ्यायचीय. २०१६ची निसान नवारा, मागे कॉइल; की टोयोटा हायलक्स, कमानपाटे? रोज सुतारकामाची अवजारं, सुट्टीत वाळूवर चालवायची.

उत्तर: दादा, कमानपाटा भार उचलतो आणि एक्सललाही (चाकांच्या आडव्या दांड्याला) जागेवर धरतो. कॉइलला त्यासाठी वेगळे लिंक (जोडदांडे), त्यांचे बुश (सांध्यातले रबर) लागतात. सुरुवातीच्या नवारा भाराखाली मागून बसायच्या. निसानला पुढे स्प्रिंग बदलाव्या लागल्या.

दुसरं उत्तर: पण रिकामी हायलक्स खडबडीत कच्च्या रस्त्यावर मागून फार उडते. मी नवाराच घेईन, जाड स्प्रिंग टाकून.

प्रश्नकर्ता: मागे कायम ३०० किलो असतात.

पहिलं उत्तर: मग हायलक्सच! गाडीखाली शिरून बघा: पाट्याचं तडकलेलं पान (पट्टी), पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट गंजलेले, पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश झिजलेले.