मदत हवी आहे: पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) रात्री प्रेशर धरत नाही

बाणेर-बालेवाडी पट्ट्यातला 30 मजली ऑफिस टॉवर, मजल्याची उंची 3.6 मीटर. पाणी गच्चीच्या टाकीतून उतरतं. 14व्या मजल्यावर 50 मिमीचा पीआरव्ही, सेटिंग 2 बार. दिवसा त्याच्या पुढच्या गेजचा काटा हलत नाही, पण रात्री वापर थांबला की तासाभरात 5.5 बार! म्हणजे टाकीचं जवळजवळ पूर्ण स्टॅटिक प्रेशर (पाणी थांबलेलं असताना उंचीमुळे येणारा दाब). सकाळी खालच्या मजल्यांवर फ्लशच्या टाक्या वाहतात, अँगल कॉकच्या होज फुटतात.

स्ट्रेनर (पाइपमधली गाळणी) साफ झाला; जाळीत टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि वाळू होती. पीआरव्हीआधीचा व्हॉल्व्ह बंद केला की काटा 2 वरच थांबतो, म्हणजे बायपास (पीआरव्हीला वळसा घालणारी लाइन) गळत नाही. संशय सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना आतला भाग जिथे टेकतो ती कड).

सीट आणि डायफ्रॅमचं (आतल्या लवचिक पडद्याचं) किट टाकून कुणाचं भागलं आहे का? की सीटला चर पडली असेल तर अख्खा व्हॉल्व्हच बदलावा?